बेगडेवाडीला थांबते का हो?

पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये दाराजवळ बसलेल्या माणसाला एक प्रश्न जन्मभर पुरतो. "बेगडेवाडीला थांबते का हो?" वास्तविक लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते, म्हणून तर ती लोकल. तरीही विचारणारा विचारतोच. देहू रोड आणि घोरावाडी यांच्या मध्ये असलेल्या आमच्या स्टेशनाच्या अस्तित्वाबद्दलच लोकांना शंका असावी. एक्स्प्रेसवाल्यांना तर बेगडेवाडी म्हणजे एक पिवळी पाटी, आणि तीसुद्धा पळती.

गंमत अशी, की विचारणारा उत्तर देणाऱ्याला कधीही "आपलं नाव काय? रेल्वेत आपण कोण?" असं विचारत नाही. "थांबते" म्हटलं की पिशवी वर टाकतो आणि टेकतो. समजा, उत्तर देणारा झोपेत असला आणि "नाही थांबत" म्हणाला, तरी काही बिघडत नाही. आजूबाजूला मोबाइलमध्ये घातलेली पाच डोकी एकदम वर येतात. "थांबते, थांबते! बसा हो तुम्ही!" पाचांपैकी एकाचंही नाव कुणाला ठाऊक नसतं. ज्यांच्याशी मी वीस वर्षं शेंगदाणे वाटून खाल्ले, त्यांना मी 'आकुर्डीवाले', 'छत्रीवाले' आणि 'बायपासवाले' एवढ्यावरच ओळखतो. यातले बायपासवाले हृदयाचे, रस्त्याचे नव्हेत.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे दादाची फाइल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तळेगावला असायचा. निवृत्तीनंतर, २००१ साली, त्यानं कॉम्प्युटरच्या क्लासात नाव घातलं, दोन बोटांनी मराठी टाइप करायला शिकला आणि स्वतःच्या लहानपणाविषयी काहीतरी लिहायला घेतलं. वहिनींनी "काय लिहिताय?" म्हणून विचारलं की "पुरं झालं की दाखवीन" असं म्हणायचा. ते पुरं झालं की नाही हे कुणालाच कळलं नाही, कारण २००९ साली दादा गेला. मागे एक सीडी राहिली. सीडीत एक फाइल आणि फाइलची त्रेचाळीस पानं. परवा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी आता एक्याऐंशीची. ह्यांनी काय लिहून ठेवलंय ते कुणी वाचून दाखवणार आहे का नाही?"

फाइल उघडली. व्यंगचित्रात माणूस शिव्या देत असला की त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात जी चिन्हं काढतात, तशी ती त्रेचाळीस पानं होती. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर, उद्गारचिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही. दादानं जन्मभर गिळलेला राग शेवटी एकदम बाहेर काढला की काय, असं मला क्षणभर वाटलं.

मी आधी नाववाल्या माणसाकडे गेलो. नाववाला म्हणजे दुकानावर स्वतःच्या नावाची दोन फुटी पाटी, गल्ल्यावर व्हिजिटिंग कार्डांची चवड आणि भिंतीला प्रमाणपत्र. त्यानं फाइल दोन दिवस ठेवून घेतली, पाचशे रुपये घेतले आणि "करप्ट आहे, काका" असं सांगून परत दिली. पावतीवर मात्र नाव, पत्ता, फोन, सगळं अगदी स्वच्छ मराठीत.

मग पुतण्या म्हणाला, "नेटवर विचारू." कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवणाऱ्या लोकांच्या इंटरनेटवर चावड्या असतात. कुणीही जावं, अडचण मांडावी, आणि जगाच्या पाठीवरचा कुणीतरी रिकामटेकडा (हा माझा त्या वेळचा शब्द) उत्तर देतो. तिथं प्रथम नाव विचारलं. मी रेशनकार्डावर असतं तसं वडलांच्या नावासकट पूर्ण नाव घालायला लागलो तर पुतण्या हसायला लागला. "काका, इथं खरं नाव कुणी देत नाही." शेवटी मी 'बेगडेवाडी' एवढंच नाव घेतलं. अख्ख्या हयातीत जिथं एक्स्प्रेस थांबत नाही, असा मी एक माणूस झालो.

उत्तर चाळीस मिनिटांत आलं. देणाऱ्याचं नाव म्हणजे एक आंबा आणि त्याच्यापुढे चार आकडे. आंबेवाल्यांनी लिहिलं होतं, "पहिल्या दहा ओळी जशा दिसतात तशाच इथं चिकटवा." चिकटवल्या. पाच मिनिटांनी पुन्हा आंबेवाले. "फाइल बिघडलेली नाही. जुना फॉन्ट आहे. तिसऱ्या ओळीत दोनदा 'आई' आहे."

मी तो कंस-टक्क्यांचा ढीग पुन्हा पुन्हा पाहिला. मला त्यात आई दिसेना. आई माझीही होती.

आता थोडी मास्तरकी करतो. मी जन्मभर मराठी शिकवलंय, तेवढं चालवून घ्या. पूर्वी कॉम्प्युटरला फक्त इंग्रजी कळायचं. तेव्हा आपल्या लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कॉम्प्युटर समजायचा आपण इंग्रजी साठवतोय, आणि पडद्यावर दिसायची ज्ञानेश्वरी. प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा मात्र निराळी. त्यामुळं तो एक विशिष्ट फॉन्ट हरवला, की खुर्च्या उघड्या पडायच्या. मग युनिकोड आलं. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा वाडा मिळाला. आपल्या घराघरातल्या कॉम्प्युटरांपर्यंत ते पोचायला पुढे पुष्कळ वर्षं गेली, आणि दादा त्या मधल्या काळात टाइप करत होता.

जुन्यातून नव्यात जायचं म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही. 'कि' लिहिताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, म्हणून जुन्या पद्धतीत ती आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलट. दिसतो शेवटी, उच्चार आधी. तेव्हा वेलांट्या उचलून अक्षरानंतर ठेवायच्या आणि रफार उचलून अक्षराआधी. नाही ठेवले तर 'वर्ग'चा 'वगर्' होतो आणि 'सूर्य'चा 'सूयर्'. इंटरनेटवर असे 'वगर्' भरवणारे अनेक मजकूर आजही भेटतात. मी त्यांना नापास करत आलो होतो. आता कळलं, बिचाऱ्यांचा फक्त रफार उचलायचा राहिला होता.

आंबेवाल्यांनी हे सगळं उचलणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहून समोर ठेवला आणि म्हणाले, "हा चालवा."

इथं अण्णांचा प्रवेश होतो. अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. देहू रोडच्या लष्करी डेपोत नोकरी झाली. सही, शिक्का आणि तीन प्रती यांखेरीज जगात दुसरं काही खरं नाही, असं त्यांचं मत. सोसायटीच्या गणपतीची आरतीसुद्धा ते इतिवृत्तात नोंदवून घेतात. ते म्हणाले, "सर, कोणाचा कोण! सही नाही, शिक्का नाही. उद्या तुमचं पेन्शन गेलं तर धरणार कुणाला? आंब्याला?"

प्रश्न बिनतोड होता. मी थांबलो. आणि थांबलो म्हणून एक पाहण्यासारखी गोष्ट पाहायला मिळाली. तासाभरानं तिथं आणखी एक जण आला. याला नावही धड नव्हतं, नुसतं घुबडाचं चित्र. घुबडानं लिहिलं, "चालवण्याआधी मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा. आणि आंबेवाले, जोडाक्षरावरचा रफार तुम्ही विसरलात. 'कर्त्या'चं काय होईल?" दहा मिनिटांनी आंबेवाल्यांचं उत्तर. "बरोबर. माझं चुकलं. दुरुस्त केलंय."

मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं. मराठी वाङ्मयाशी माझा संबंध पन्नास वर्षांचा. वाद वाचले, प्रतिवाद वाचले, प्रतिवादाला दिलेली चोख उत्तरं वाचली. पण "बरोबर, माझं चुकलं" हे चार चौघांत लिहिलेलं वाक्य मला तरी आठवत नाही. पूर्ण नावानं लिहिणाऱ्या माणसाला ते परवडत नसावं. नावाला जपावं लागतं. आंब्याला काय जपायचंय?

तेव्हा एक मास्तर म्हणून या उत्तर-वाङ्मयाची परीक्षा करावी असं मनात आलं. बिननावाची उत्तरं मला नवी नव्हेत. दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिका मी वर्षानुवर्षं तपासल्या. त्यावर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. 'माझा आवडता ऋतू' कोणाच्या मुलानं लिहिलाय हे कळू नये म्हणूनच तर ती व्यवस्था. पण त्या व्यवस्थेतही मी एकटा नसायचो. माझ्यावर मॉडरेटर. मी सातच्या जागी नऊ दिले तर गठ्ठ्यातून नेमका तोच पेपर उपसून विचारणारा.

तर या साहित्यप्रकाराचे दोष आधी सांगतो. पहिला म्हणजे खेकसणं. नवखा माणूस घाबरत घाबरत विचारतो आणि उत्तर येतं, "हा प्रश्न २०११ सालीच विचारून झालाय." जणू एकदा कुणीतरी लोकल चुकला म्हणून पुढच्यांनी चुकूच नये. दुसरा दोष याहून भयंकर. तुमचीच अडचण कुणीतरी दहा वर्षांपूर्वी मांडलेली असते. तुम्ही अधीर होऊन खाली सरकता, आणि खाली त्यानंच लिहिलेलं असतं, "सुटला प्रश्न. धन्यवाद." कसा सुटला ते नाही! रहस्यकथेचं शेवटचं पान फाडून ठेवणाऱ्या वाचनालयातल्या वाचकाचा हा पुनर्जन्म. तिसरा प्रकार निव्वळ दुष्ट. शिकाऊ माणसाला "ही ओळ टाइप कर, सगळं ठीक होईल" असं सांगायचं आणि ती ओळ त्याची सगळी डिस्क पुसून टाकणारी असायची. ही जुनी थट्टा आहे आणि बिननावी असण्याच्या आडोशानंच केलेली आहे. तिला मी शून्य देतो.

नवा एक दोष अलीकडचा. प्रोग्रॅमरांची मोठी चावडी म्हणजे २००८ साली निघालेली 'स्टॅक ओव्हरफ्लो'. तिथं चांगल्या उत्तराला लोक मतं देतात, मतांचे गुण साठतात आणि गुणांवरून माणसाची पत ठरते. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना चॅटजीपीटीनं लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली. उत्तरं दिसायला देखणी आणि बरीचशी चुकीची. असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात दोन असतात. अक्षर मोत्यासारखं, आणि मोत्यांत काही नाही.

गुण सांगायचा तर एकच. हे लोक चार चौघांसमोर बोलतात. बाकी बिननावी किंवा टोपणनावानं लिहिणं हे आपल्याकडे काही आगळं नाही. 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ पासून शतपत्रं आली ती 'लोकहितवादी' या सहीनं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघालं, त्यावर नाव 'विभावरी शिरूरकर'. लोक खवळले, ही बाई कोण याचे तर्क लढवत बसले, पण पुस्तकातलं खोटं आहे असं काही कुणाला छातीठोकपणे म्हणता येईना. 'ललित'मधल्या ठणठणपाळानं भल्याभल्या लेखकांना हातोडा हाणला, तेव्हा त्यामागं जयवंत दळवी होते. आणि नावाच्या भरवशावर जायचं म्हटलं, तर देहू आमच्यापासून काही लांब नाही. तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून गाणाऱ्या सालोमालोची कथा या भागातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. नाव घालणारा तोही होता.

हे मी अण्णांना ऐकवलं. ते नुसते "हं" म्हणाले. त्यानंतर आठवड्यानं जे घडलं ते अण्णांच्या परवानगीनं सांगतो. (परवानगी लेखी आहे. एक प्रत माझ्याकडे.)

अण्णांना व्हिडिओवर फोन आला. समोर गणवेशातला अधिकारी. त्यानं पूर्ण नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, बिल्ल्याचा नंबर सांगितला आणि अण्णांच्या नावानं काढलेलं वॉरंट पाठवलं. सही होती, शिक्का होता. प्रती तीन आहेत का एवढंच अण्णांनी विचारायचं बाकी. "तुम्हांला डिजिटल अरेस्ट केलेली आहे" असं तो म्हणाला. असला प्रकार आपल्या कायद्यात नाहीच, हे २०२४ साली खुद्द पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं होतं. पण समोर शिक्का असताना अण्णा रेडिओचं ऐकणार? दोन तास ते बेडरूममध्ये खुर्चीवर ताठ बसून होते. मग बँकेत निघाले. जिन्यात मला भेटले, पांढरेफटक. मी म्हटलं, "काय अण्णा, इतक्या उन्हाचे?" ते काही बोलले नाहीत. कारण त्या नाववाल्यानं एक अट घातली होती, कोणाशी अक्षर बोलायचं नाही.

बँकेत खिडकीवरच्या मुलीनं खड्या आवाजात विचारलं, "काका, एवढे पैसे कुणाला पाठवताय?" अण्णा गप्प. ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "कुणाचा फोन आलाय का?" मागच्या रांगेत पाच डोकी वर आली. "अहो काका, फ्रॉड आहे तो! भरू नका!" एकानं अण्णांच्या हातातला फोन घेऊन बंदच करून टाकला. कोण होता तो, अण्णांना आजही माहीत नाही. आभार मानायचे राहिले म्हणून ते हळहळतात. दोन दिवस ते खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, शिक्का अगदी बरोबर होता हो." त्यांचा आवाज ऐकून मला माझ्या लोकहितवादींचा उगाच संकोच वाटला.

माझी ही उपपत्ती फार काळ सुखानं नांदली असती, पण पुतण्यानं मला २०२४ सालची एक हकीकत सांगितली. जगभरच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरांत फाइली दाबून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक अवजार असतं. ते सांभाळणारा गृहस्थ एकटा, विनामोबदला आणि थकलेला. त्याच्या मदतीला 'जिया टॅन' नावाचा कुणीतरी आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्यानं उघडपणे, सभ्यपणे, चोख काम केलं. काही अनोळखी लोक मध्येच येऊन म्हाताऱ्या सासूसारखी भुणभुण करत, "कामं रेंगाळतात, दुसऱ्याला अधिकार द्या." दिले. आणि त्यानं त्या अवजारात एक चोरदार बसवलं, की ज्याच्याकडे किल्ली असेल त्यानं परस्पर आत शिरावं. हा जिया टॅन कोण, एक माणूस की दहा, ते अजून कळलेलं नाही.

मी अस्वस्थ झालो. दोन वर्षं रोज जागा धरून ठेवणाऱ्या छत्रीवाल्यांनी एक दिवस माझाच खिसा कापावा, तसं वाटलं. "मग सापडलं कसं?" मी विचारलं. पुतण्या म्हणाला, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला आपल्या कॉम्प्युटरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. तो कारण खणत बसला आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जगासमोर मांडलं.

अर्धा सेकंद! आमच्या मार्गावर लोकल अर्धा तास उशिरा आली तरी "आज लवकर आली" म्हणणारी माणसं आहेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. थकलेला गृहस्थ एकटा होता, त्याच्या डब्यात वर येणारी पाच डोकी नव्हती, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. ते खरंच आहे. पण अर्धा सेकंद मोजणारा माणूस प्रत्येक डब्यात असतोच असं नाही, हेही खरं आहे. माझ्या परीक्षणाचा एवढा भाग कोरा ठेवतो.

दादाची फाइल मी आंबेवाल्यांच्या प्रोग्रॅमातून काढली. आधी प्रत काढून ठेवली, घुबडाच्या आज्ञेप्रमाणे. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. कंस आणि टक्के एकेक करून मराठी होत गेले, आणि तिसऱ्या ओळीत खरोखरच दोनदा आई होती. अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखं केलं.

मी चावडीवर लिहिलं, "झालं. कसं झालं ते खाली सविस्तर देतोय, पुढच्याला उपयोगी पडेल. आपलं नाव कळलं तर पुस्तकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश करीन." आंबेवाल्यांचं उत्तर आलं, "नाव राहू द्या. सतराव्या पानावरचे रफार पुन्हा तपासा." तपासले. दोन चुकले होते.

रविवारी त्रेचाळीस पानं छापून तळेगावला निघालो. इथून दुसरंच स्टेशन. वहिनींनी पानं मांडीवर घेतली आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. मी लाल पेन काढून बसलो होतो. हाताची सवय जात नाही. पहिल्याच पानावर 'विहीर'मधली 'ही' ऱ्हस्व दिसली, तशी मी म्हटलं, "ते बदलताना बिघडलं असेल, द्या, दुरुस्त करतो."

वहिनींनी पान मागे ओढलं. "हात लावू नका," त्या म्हणाल्या. "लग्न ठरल्यावरच्या पत्रांतसुद्धा ह्यांची विहीर ऱ्हस्वच आहे."